घोडा रोज फिरवा, पण रोज त्याच्यावर बसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत मागच्या आठवड्यात उन्हाळी शिबिरांची यादी आली होती, पोहणं, कॅलिग्राफी, रोबोटिक्स आणि त्यात चार-पाच ठिकाणचं हॉर्स रायडिंग. प्रत्येकासमोर मुलाचं वय किती पाहिजे ते लिहिलेलं होतं, सहा वर्षांपुढे, आठ वर्षांपुढे वगैरे. घोड्याचं वय किती ते कुठंच नव्हतं. तुम्ही म्हणाल घोड्याचं वय कशाला छापायचं, आम्ही काय बाजार भरवलाय का. पण मी ती यादी वाचली आणि माझ्या डोक्यात पहिला प्रश्न तोच आला, आणि तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय, तर आज लिहूनच टाकते. लांबलं तर कात्री लावा, माझी हरकत नाही, फक्त दातांचा भाग कापू नका.

मी वानवडीची. आमचे अण्णा रेसकोर्सकडच्या तबेल्यात मोतद्दार होते, तीस-बत्तीस वर्षं घोड्यांचीच सेवा केली, पहाटे साडेतीनला उठून सायकलवर जायचे आणि दहाच्या सुमाराला घरी यायचे तेव्हा शर्टाला लीद, घाम आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा असा एक मिक्स वास असायचा, तो अजून कुठं आला तरी मी थांबते. मी स्वतः घोड्यावर चार-दोन वेळाच बसलीये, मोतद्दाराच्या पोरांना कोण घोड्यावर बसवतंय, पण खुरावरनं, चालीवरनं, दातावरनं घोडा कसा ओळखायचा ते शाळेत असतानाच शिकले. आता एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, घोड्यांशी संबंध संपला होता. तो परत सुरू झाला धाकटीमुळं. ती अकरा वर्षांची, मोबाईलवर घोड्यांचे व्हिडिओ बघून बघून हट्टाला पेटली, म्हणून शहराबाहेरच्या एका रायडिंग क्लासला घातली. क्लासचं नाव लिहीत नाही. बाकीकडं फार वेगळं असेल असं मला वाटत नाही, आणि एकाच ठिकाणावर राग काढून उपयोगही नाही.

पहिल्या रविवारी तिला दिला राजा. तांबूस रंगाचा, गरीब डोळ्यांचा, लहान मुलांना हमखास देतात तसला घोडा. पोरगी खूश, मी बाजूच्या कठड्याला टेकून उभी. आणि बघते तर डोळ्यांच्या वर दोन्हीकडं चहाची बशी बसेल असे खड्डे, पाठ झोळीसारखी खाली गेलेली, खोगिराखाली एकावर एक तीन पॅड घातलेले, म्हणजे पाठीचं मांस उतरलंय आणि खोगीर बसत नाहीये हे त्यांनाही माहितेय. चालताना मागचा डावा पाय जरा ओढत होता, एक-दोन राउंड झाले की मोकळा व्हायचा. सेशन संपल्यावर मी तिथल्या काकांना, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्यांना, म्हणलं, जरा तोंड बघू का याचं? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की या बाईला काय कळतंय, पण मोरकी, म्हणजे तोंडाभोवतीची बांधायची दोरी, धरून दिली. वरचा ओठ अंगठ्यानं उचलला. कोपऱ्यातल्या दातावर तपकिरी रेघ, हिरडीपासून पार खालच्या टोकापर्यंत.

ही रेघ म्हणजे घोड्याचं आधार कार्ड समजा. वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावर, हिरडीच्या कडेला, ती साधारण दहाव्या वर्षी दिसायला लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी पूर्ण दातभर होते आणि त्याच्यानंतर वरनं पुसत जाते. वर्षभर इकडंतिकडं होतं, अगदी पक्का आकडा कोणी सांगू नये, पण राजा वीसच्या आसपासचा होता यात मला शंका नाही. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "चौदा-पंधरा असेल मॅडम, एकदम सेफ घोडा आहे."

आणि चांदणीचं उलटं. ती पांढरी घोडी मोठ्या बॅचला, म्हणजे कॉलेजची मुलं आणि हिंजवडीहून वीकेंडला येणारी मंडळी. तिचे मधले दोन दात मोठे, कायमचे. त्यांच्या शेजारची जोडी नुकतीच फुटून वर येत होती. आणि कोपऱ्यात अजून दुधाचे दात, बारीक, गोलसर. घोड्याचे पुढचे दुधाचे दात तीन हप्त्यांत पडतात, मधले अडीच वर्षांचा झाला की, बाजूचे साडेतीनला आणि कोपऱ्यातले साडेचारला, पाचव्या वर्षी तोंड भरतं. म्हणजे चांदणी साडेतीन वर्षांची. सरांच्या वहीत सहा. आता ते मुद्दाम खोटं बोलत होते का त्यांना विकणाऱ्यानं जे सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं, हे मला माहीत नाही. सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीला घोडा घ्यायला जाणारा जुना माणूस आधी तोंड उघडून बघतो आणि मग किमतीचं बोलतो. हल्ली फोटो बघून व्हॉट्सॲपवर सौदा होतो, दात कोण बघतंय.

मी काकांना विचारलं, आज राजा किती वेळा गेला? म्हणाले, "ताई, रविवारी पाच बॅच. घोडे आठ, त्यातला एक लंगडतोय. राजाला सगळे लहान मुलांचे पालक मागतात, तो पाचही करतो." पाऊण तासाची बॅच, म्हणजे पावणेचार तास. आणि सोमवार ते शुक्रवार? "उभा असतो. मंगळवारी जरा फिरवतो वेळ मिळाला तर."

इथं मुद्दा येतो. लहानपणी आपण सगळ्यांनी ते कोडं ऐकलंय, भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली, तर फिरवली नाहीत म्हणून. घोडेवाले हे कोडं ढालीसारखं पुढं करतात, घोडा तर चालवायलाच पाहिजे ना मॅडम, बसून राहिला की बिघडतो. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर. पण कोड्यात फिरवला नाही असं म्हणलंय, बसलो नाही असं नाही म्हणलेलं. फिरवणं वेगळं आणि वर बसणं वेगळं. घोडा वयाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत रोज हलला पाहिजे, मोकळा सोडलेला घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरत चरत पावलं टाकतच असतो. त्याच्यावर बसायचं मात्र किती, आठवड्यातनं किती दिवस, किती वेळ, ते त्याच्या वयावर ठरतं. आणि आपल्याकडं नेमकं उलटं चालतं, बसायचं सगळ्यांवर सारखंच आणि फिरवायचं कोणालाच नाही.

वय का महत्त्वाचं, तर हाडं. घोड्याची हाडं खालून वर पक्की होत जातात. खुराजवळची पहिल्या वर्षातच, पुढच्या गुडघ्याच्या वरची वाढीची पट्टी बंद व्हायला दोन-अडीच वर्षं लागतात, आणि सगळ्यात शेवटी पाठीचा कणा, त्याला साडेपाच-सहा वर्षं. आणि आपण बसतो कुठं, तर पाठीवर! उंच घोड्यांना आणि नरांना अजून थोडं उशिरा. घोडा दोन वर्षांचा असतानाच दिसायला पूर्ण घोडा दिसतो, उंची जवळपास आलेली असते, म्हणून माणूस फसतो. त्यात त्याला आपल्यासारखं कॉलरबोन नसतं, पुढच्या दोन पायांच्या मधोमध त्याचं धड नुसतं स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं, आणि अंगाचा साठ टक्के भार त्या पुढच्या पायांवरच. पाठीचे आणि पोटाचे स्नायू तयार झाले नसतील तर बसणाऱ्याचं सगळं वजन थेट मणक्यांवर जातं.

आता कोणीतरी लगेच लिहील की रेसची घोडी दोन वर्षांची असतानाच पळतात, त्यांचं काय. पळतात, मी त्यातच वाढलीये. आणि त्यांचं वय तर अजून गमतीचं, सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. एप्रिलमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर दोन वर्षांचं होतं तेव्हा खरं वीस-एकवीस महिन्यांचंच असतं. पण तिथं वर बसणारा पन्नास-पंचावन्न किलोचा, कसलेला, पहाटे अर्धा-पाऊण तास काम, त्यात जोरात पळणं मिनिटा-दोन मिनिटांचं, रोज पाय तपासणारा माणूस आणि दारात डॉक्टर. एवढं करूनही दोन-तीन वर्षांच्या घोड्यांच्या पुढच्या पायाची नळी दुखायला लागते, सुजते, हात लावू देत नाहीत. अण्णा बर्फाच्या बादलीत तासतासभर त्यांचे पाय धरून बसलेले मी बघितलेत. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कोवळ्या घोड्याला अजिबात काम दिलं नाही तर त्याचं हाड कच्चं राहतं, हाडाला थोडा ठोका लागतो, तेव्हाच ते भरतं. पण थोडा म्हणजे थोडा, लहान पल्ला आणि मग आराम. तासभर गोल गोल फिरवत ठेवणं म्हणजे ठोका नव्हे, ती झीज. आपल्याकडची डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते, इंग्लंडातली तीन वर्षांच्या, यावरनं काय घ्यायचं ते घ्या.

तर चांदणीच्या वयाचं. दोन वर्षांपर्यंत पाठीवर काही नाही, मोरकी घालून चालायला शिकवा, खरारा करा, खूर उचलू द्यायची सवय लावा, रस्त्यावरच्या गाड्या आणि कुत्री दाखवा. अडीच-तीनला खोगिराची ओळख, लांब दोऱ्यांनी मागनं चालवणं. लंजिंग करतात, म्हणजे लांब दोरीला धरून आपल्याभोवती गोल पळवतात, पण लहान गोलात रोज वीस-वीस मिनिटं लंजिंग हा कोवळ्या सांध्यांना बसण्यापेक्षा मोठा मार आहे, हे आपल्याकडच्या शिकवणाऱ्यांना कोणी सांगत नाही. तिसऱ्या वर्षी हलका आणि जाणता माणूस, आठवड्यातनं दोन, फार तर तीन दिवस, पंधरा-वीस मिनिटं, त्यातलंही बहुतेक सरळ चालणं. चौथ्या वर्षी तीन-चार दिवस, अर्धा तास, थोडी दुडकी, आणि मध्ये महिना-दोन महिने सोडून द्यायचा, वाढू द्यायचा, घोडा तेवढ्यात शिकलेलं विसरत नाही. पाचव्या वर्षी चार-पाच दिवस, पाऊण तास, छोट्या उड्या. नवशिक्याला देण्यालायक घोडा सहाच्या आधी तयारच होत नाही, हाडांमुळं तर नाहीच आणि डोक्यामुळंही नाही. नवशिका माणूस खोगिरात धप्पकन बसतो, लगामाला लोंबतो, तोल गेला की एका बाजूला वजन टाकतो. ऐंशी किलोचा कसलेला स्वार परवडला, पण साठ किलोचा नवशिका कोवळ्या पाठीला नको. व्हिएन्नाच्या त्या जुन्या प्रसिद्ध रायडिंग स्कूलमध्ये पांढऱ्या लिपिझानर घोड्यांचं शिक्षण चार वर्षांच्या सुमाराला सुरू होतं आणि ते वीस-वीस, बावीस वर्षांपर्यंत काम करतात. ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चालींची स्पर्धा, तिच्यातल्या आंतरराष्ट्रीय सगळ्यात वरच्या ग्राँ प्री लेव्हलला तर घोडा आठ वर्षांचा असल्याशिवाय उतरूच देत नाहीत. उशिरा सुरू केलेला जास्त टिकतो एवढं साधं गणित आहे, त्यात पैशाचंही गणित सुटतं, पण आपल्याकडं घोडा घेतला की पुढच्या रविवारपासून त्यानं कमवायला लागलं पाहिजे.

चांदणीच्या वजनाचं पण सांगते. साधारण धरून चालतात की खोगीर-बिगीर धरून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर भार नको, म्हणजे वीस टक्के, आणि कोवळ्या किंवा म्हाताऱ्याला त्याहून कमीच. चांदणी असेल साडेतीनशे किलोची. झाले सत्तर. खोगीर आठ-दहा किलो काढा. राहिले साठ. मी बघत होते तेव्हा वर बसलेले गृहस्थ नव्वदला टेकलेले असतील, शूज आणि पाठीवरची सॅक वेगळी. सॅक काढून ठेवायची असते हे पण त्यांना कोणी सांगितलं नाही. लग्नातल्या घोडीचं तर बोलायलाच नको, नवरदेव, पुढ्यात भाचा, पायाखाली डांबर, कानाशी डीजे.

सात ते पंधरा वयाच्या घोड्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते त्याचं भर वय, पाच दिवस काम, कधी सहा, तासभर, एक दिवस जोराचं काम तर दुसऱ्या दिवशी हलकं, आणि एक दिवस सुट्टी पण ठाणावर बांधून नाही, मोकळा सोडून. एकच लक्षात ठेवायचं, काही महिने उभा असलेला घोडा लगेच कामाला लावायचा नसतो, सहा-आठ आठवडे हळूहळू वाढवत न्यायचं. दम पहिल्या काही आठवड्यांत येतो, पण पायाच्या दोऱ्यांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना, महिने लागतात, म्हणून घोडा तयार वाटतो आणि तेव्हाच पाय जातो. रेसमधनं निवृत्त होऊन क्लासला आलेल्या पाच-सहा वर्षांच्या घोड्यांचं नेमकं हे होतं. त्यांना आधी काही महिने सोडायला पाहिजे, नुसतं चालणं शिकवायला पाहिजे, त्यांना तर आयुष्यात फक्त पुढं पळणंच माहीत.

आता रविवारी पावणेचार तास आणि बाकी आठवडा उभा, हा जो प्रकार आहे तो कुठल्याच वयाला चालत नाही, भर वयातल्यालासुद्धा नाही. कामाच्या घोड्याला सुट्टीतही पूर्ण चंदी, म्हणजे दाणा, घालत राहिलं आणि मग एकदम कामाला काढलं की त्याचे मागचे पुठ्ठे जखडतात, लाकडासारखे कडक होतात, घाम फुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी चहासारखी काळपट होते. इंग्रज लोक याला सोमवार सकाळचा आजार म्हणायचे, कारण रविवारी सुट्टी आणि सोमवारी काम. पुण्यात आता तो रविवार सकाळचा आजार म्हणायला हरकत नाही. अण्णांचा नियम साधा होता, काम कमी त्या दिवशी दाणा कमी, वैरण तेवढीच. आणि नुसतं उभं राहून पोटदुखी होते ती वेगळी, घोड्याला ओकता येत नाही, त्याचं पोट चालत्या पायावर चालतं.

राजासारख्यांचं काय करायचं, यावर लोक दोन टोकं गाठतात. एक म्हणतात म्हातारा झालाय, सोडून द्या बिचाऱ्याला, बसूच नका. दुसरे म्हणतात चालतोय ना, मग चालू दे. दोन्ही चूक. म्हाताऱ्या घोड्याचे सांधे आखडलेले असतात, काम पूर्ण बंद केलं की तो अजून आखडतो, पुठ्ठ्याचं मांस झरझर उतरतं. सोळा ते वीस या वयात बहुतेक घोडे तीन-चार दिवस अर्धा-पाऊण तास आनंदानं काम करतात, फक्त सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालवायचं, राजाचा डावा पाय मोकळा व्हायला दोन राउंड लागत होते ते यासाठीच. विशीनंतर डॉक्टर हो म्हणाला तर दोन-तीन दिवस, वीस मिनिटं, वर हलकं पोरगं आणि दोरी माणसाच्या हातात. बाकीचे सगळे दिवस मोकळं फिरणं. त्याला रोज पाषाण तलावाला चक्कर मारायला निघालेल्या पेन्शनर काकांसारखं ठेवायचं, रोज पण निवांत. चाऱ्याचे अर्धवट चावलेले बोळे खाली पडलेले दिसले तर दाढा गेल्यात समजा, उन्हाळ्यातही अंगावर लांब केस राहत असतील तर नुसतं म्हातारपण नाही, आजार आहे, रक्त तपासा. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो हो. विसाव्या वर्षी त्याला संपवून टाकायचं कारण नाही आणि पाच-पाच बॅचलाही लावायचं कारण नाही.

कोणाला वाटेल एवढं सगळं क्लासवाल्यांनी कसं मोजायचं. एक सोपी गोष्ट पालकही करू शकतात. घोड्याच्या जबड्याच्या खाली, हाडाच्या आतल्या कडेला, बोटं टेकवली की नाडी लागते, दोरीसारखी बोटाखाली सरकते. आरामात मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस. काम झाल्यावर वाढणारच, पण पाणी देऊन, चालवून, सावलीत उभं केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत साठच्या आत यायला पाहिजे. नाही आली तर त्या दिवशीचं त्याचं काम संपलं, मग वय कागदावर सहा असो का सोळा. राजाची मी दुसऱ्या बॅचनंतर वीस मिनिटांनी मोजली, बहात्तर. तिसरी बॅच खोगिरावर हात ठेवून उभीच होती.

कायदा नाही असं नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्याच्या अकराव्या कलमात आजारी, जखमी याच्या आधी वयाचाच उल्लेख आहे, म्हणजे वयामुळं कामाला लायक नसलेल्या प्राण्याला कामाला लावणं हा गुन्हा आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, दिवसात नऊ तासांच्या वर नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ च्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ३७ म्हणजे काहीच नाही, आणि तुमच्या यादीतल्या एका शिबिराची वेळ अकरा ते एक होती, परत काढून बघा.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असायचे, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी पागेतनं मिळायचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. क्लासमध्ये आपण सगळेच बारगीर, तासाचे पैसे भरले, बसलो, उतरलो, घरी. फरक एवढाच की त्या पागेवर हिशेब ठेवणारं कोणी होतं, घोडा वाया घालवला तर जाब विचारला जायचा. इथं राजा कोणाचाच नाही.

अण्णांच्या तबेल्यात प्रत्येक ठाणाच्या दारावर पाटी असायची, शाळेची दगडी पाटी, खडूनं लिहिलेलं, वय, आज काय काम झालं, दाणा किती, काही लागलं-खुपलं का. लिहिता न येणारे मोतद्दार रेघा मारायचे. मी माझ्या घरातली अशी एक पाटी शोधली, तडा गेलेली होती पण चालण्यासारखी, आणि पुढच्या रविवारी नेऊन काकांना दिली, म्हणलं राजाच्या दारावर अडकवा, जेवढ्या बॅच तेवढ्या रेघा मारा, बाकी काही नको. ते हसले, पण अडकवली. त्या रविवारी संध्याकाळी तिच्यावर तीन रेघा होत्या, पाचच्या तीन झाल्या, मी मनातल्या मनात खूश. धाकटीला पण मी सांगितलं की तू या रविवारी बसू नकोस, मोरकी धरून त्याला कडेकडेनं अर्धा तास फिरव, तेवढ्याचेही पैसे कापले त्यांनी, कापू देत.

त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तर पाटी पुसलेली. रेघ नाही, वय नाही, नुसता ओल्या फडक्याचा डाग. काकांना विचारलं तर खाली बघत लीद गोळा करत होते. म्हणाले, "ताई, सर म्हणाले पाटी नको. पालक मोजायला लागलेत."

आपली,
एका मोतद्दाराची मुलगी
वानवडी, पुणे

ता. क. तुमच्या यादीतल्या चार ठिकाणी मी फोन केला, घोड्यांची वयं काय आहेत एवढंच विचारलं. दोघं म्हणाले सगळे पाच-सहा वर्षांचे आहेत. एकानं विचारलं मुलाचं वय किती. चौथ्या ठिकाणी एका बाईंनी उचलला, त्या थांबा म्हणाल्या, बहुतेक आत जाऊन आल्या, आणि सहा घोड्यांची नावं आणि वयं एकेक करून सांगितली, एका घोडीचं सांगताना म्हणाल्या ही एकोणीसची आहे, हिला आम्ही फक्त बुधवारी आणि शनिवारी काढतो. पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा त्यांचं नाव जरा वर घ्या.